बांधलेली शिदोरी

जिथे आहात तिथेच बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल, मांडी घातली नाही तरी चालेल. खाली रस्त्यावरून बस जात असेल, शेजारी कुणाचा कुकर शिट्टी देत असेल. ते आवाज असू द्या. हात मांडीवर सैल ठेवा, बोटं उघडी. डोळे मिटा. आज आपल्याला एका खेकड्याजवळ थोडा वेळ बसायचं आहे.

एक श्वास घ्या. सोडा.

आता लालबागच्या बाजारात चला. सकाळची वेळ. मिरची गल्लीकडून भाजलेल्या मसाल्याचा ठसका येतो आहे. मासळीच्या बाजूला पायाखालची फरशी ओली आहे. मावशींच्या पाटीत ओल्या गोणपाटाखाली चिंबोऱ्या आहेत, काळपट हिरव्या, खाडीच्या चिखलातल्या. प्रत्येकीचे डेंगे सुतळीने अंगाशी आवळून बांधलेले. मावशी एक उचलतात, हातावर तोलतात, पोटाखाली अंगठ्याने दाबून दाखवतात. "ताई, अमावस्येची हाय, भरलेली हाय."

मीही वर्षानुवर्षं अशीच दाबून, तोलून घेत आले. आमच्या घरात सर्दी झाली की चिंबोरीचा रस्सा ठरलेला. त्यामुळे हे मनन खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या दोघांचंही आहे. आत्ता फक्त पाहायचं आहे.

तिच्या तोंडाशी पाहा. बारीक फेस येतो आहे. कल्ल्यांच्या पोकळीत जे थोडं पाणी उरलं आहे, तेच ती पुन्हा पुन्हा फिरवते आहे. त्यात हवा मिसळते आणि फेस होतो. पाणी सुटलं आहे, हे तो फेस सांगतो.

आता तिच्या डोळ्यांकडे या. खेकड्याचा डोळा देठावर असतो. तुमचं बोट हळूच जवळ गेलं की देठ आडवा होऊन कवचाच्या खोबणीत निजतो. बोट मागे घेतलंत की थोड्या वेळाने पुन्हा उभा राहतो. इथे थांबा. हा देठ मुगाच्या दाण्याएवढा आहे, आणि आपलं आजचं सगळं मनन त्याच्या आत आहे.

त्या देठात मज्जापेशींचा एक पुंजका असतो. त्यातल्या काही पेशींना एकच काम नेमून दिलेलं आहे. युरोपच्या किनाऱ्यावरच्या हिरव्या खेकड्यात त्या मोजल्या गेल्या, तेव्हा एका देठात तीस-चाळीसच निघाल्या. त्यांचे तंतू जवळच्या एका छोट्या ग्रंथीत येऊन थांबतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही ग्रंथी निळसर पांढरी झळकते, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. या पेशी जे संप्रेरक बनवतात ते तिथे साठून राहतं. खेकडा दचकला, त्याला इजा झाली, पाणी सुटलं, प्राणवायू कमी पडू लागला, की ग्रंथी ते रक्तात सोडते. रक्तातली साखर चढू लागते.

ज्या अवयवाने धोका पाहायचा, त्याच्याच देठात वाटखर्चाचा निरोप ठेवलेला आहे. या एका गोष्टीवर दोन श्वास थांबा.

*

हे माणसाला कळलं ते 1944 मध्ये. अब्रामोविट्झ, हिसॉ आणि पापान्ड्रिया या तीन अमेरिकी संशोधकांनी खेकड्यांच्या डोळ्यांच्या देठांचा अर्क काढून दुसऱ्या खेकड्यांना टोचला. त्यांची साखर वाढली. त्यांनी या अनोळखी द्रव्याला जे नाव दिलं, त्याचा अर्थ होतो मधुमेह घडवणारा घटक. इन्सुलिन सापडून तेव्हा वीस-बावीस वर्षं झाली होती. चढलेली साखर म्हणजे रोग, हे साऱ्या जगाच्या मनात पक्कं बसलेलं होतं. म्हणून खेकड्याच्या अंगात साखर चढवणारं काही दिसताच जिभेवर रोगाचंच नाव आलं.

पुढे मुंबईतही हे काम झालं. पी. व्ही. रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या डोळ्यांच्या देठातल्या साखर वाढवणाऱ्या घटकावर निबंध प्रसिद्ध केला. तो खेकडा आपल्या ओळखीचा आहे. पहिला पाऊस पडला की ओढ्याकाठच्या बिळांतून बाहेर येतो, शेताच्या बांधावर सापडतो. कोकणात आणि घाटावर लोक त्याला मुठा म्हणतात, आणि पावसाळ्यात रानभाज्यांच्या जोडीने तो मुंबईच्या बाजारातही येतो. आपल्या बांधावरच्या मुठ्याच्या डोळ्यात साखरेची किल्ली आहे, हे या शहरातल्या माणसांनी साठ वर्षांपूर्वी तपासून लिहून ठेवलं. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

हळूहळू ते रोगाचं नाव मागे पडलं. नवं नाव साधं आहे: कवचधारी जीवांचं साखर वाढवणारं संप्रेरक. 1989 मध्ये त्या हिरव्या खेकड्यातल्या संप्रेरकाची रचना उलगडली. बहात्तर अमिनो आम्लांची एक माळ, तीन ठिकाणी स्वतःलाच टाके घालून घट्ट धरलेली. नाव बदलायला एवढी वर्षं गेली. आधी दिसला दोष, मग दिसलं काम.

तुम्हीही स्वतःच्या शरीरातल्या एखाद्या गोष्टीला फक्त दोषाच्या नावाने हाक मारत असाल. आत्ता ते नाव मनात येऊ द्या. बदलू नका. नुसतं बाजूला ठेवा, चपला दाराशी काढून ठेवाव्यात तसं.

*

पुन्हा चिंबोरीकडे या. ती पाटीत आहे, पाण्याबाहेर आहे. संशोधकांनी असेच समुद्रातले खेकडे पाण्याबाहेर ठेवून त्यांच्या रक्तातलं संप्रेरक मोजलं, तर ते वाढलेलं दिसलं. मागोमाग साखरही वाढली. संप्रेरक स्नायूंना आणि पचनग्रंथीला निरोप देतं: साठवण फोडा. पाठीचं कवच उघडल्यावर आत जो मऊसर पिवळट-तपकिरी गोळा दिसतो, तीच ती ग्रंथी. आपल्या यकृताचं बरंचसं काम तिच्याकडे असतं. तिथली आणि स्नायूंतली ग्लायकोजेनची साठवण फुटते, साखर सुटते आणि रक्तातून अंगभर जाते. खेकड्याचं रक्त लोहाचं नसतं, तांब्याचं असतं, म्हणून हवा लागली की निळसर दिसतं. त्या निळसर रक्तातून आत्ता साखर वाहते आहे.

कशासाठी? पळण्यासाठी. डेंगा उगारण्यासाठी. प्राणवायू कमी असतानाही थोडा वेळ तग धरण्यासाठी. गावाला निघालेल्या माणसाच्या हातात घरचं कुणीतरी भाकरी-चटणी फडक्यात बांधून देतं. तशी शरीराने तिला शिदोरी बांधून दिली आहे. वाट लांबची आहे, हे घे.

पण सुतळी आवळलेली आहे. वाट नाही.

इथे घाईने पुढे जाऊ नका. तिच्या अंगात पळण्याची सगळी तयारी झालेली आहे आणि पाय जागच्या जागी आहेत. आपण बाजारात तिच्यावरून नजर फिरवतो तेव्हा ती नुसती गप्प पडलेली दिसते. आतून ती गप्प नाही. आत तिचं शरीर तिच्यासाठी धडपडतं आहे. तिला आपल्यासारखी भीती वाटते असा दावा मी करत नाही. पण तिच्या अंगाला संकट कळतं आणि ते त्याला उत्तर देतं, एवढं मोजून पाहिलेलं आहे. ब्रिटनमध्ये 2022 साली प्राण्यांच्या संवेदनेविषयीचा कायदा झाला, त्यात खेकडे आणि शेवंडांचाही समावेश आहे. मावशी गोणपाटावर मधूनमधून पाणी शिंपडतात. आजपासून त्या शिंपडण्याकडे नीट पाहा. त्या पाण्याने तिचे कल्ले ओले राहतात.

श्वास घ्या. सोडा.

*

आता लक्ष स्वतःकडे वळवा. डावा हात उजव्या बरगडीच्या खालच्या कडेवर ठेवा. तिथे आत तुमचं यकृत आहे. तिथेही साठवण आहे, तीच, ग्लायकोजेनची. तुमच्या डोळ्यांना देठ नाहीत. तुमचे निरोप वेगळ्या ठिकाणांहून निघतात. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या छोट्या ग्रंथी अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल सोडतात, स्वादुपिंड ग्लुकॅगॉन सोडतं. रेणू वेगळे, वाटा वेगळ्या, पण निरोप तोच. संकट आहे, साठवण फोडा. आपली आणि खेकड्याची वंशवाट फुटून पन्नास कोटींहून अधिक वर्षं झाली, तरी दोन्ही घरांत शिदोरी बांधायची रीत टिकून आहे.

शेवटचं असं कधी झालं होतं ते आठवा. रात्री उशिरा आलेला फोन. शाळेच्या फीची तारीख. परळच्या पुलावरची गर्दी. ओठ कोरडे पडले असतील, छाती धडधडली असेल. त्या क्षणी तुमच्या रक्तात साखर चढली असेल. तुम्ही मात्र खुर्चीत बसून होतात, किंवा रांगेत उभे होतात. पळायला वाट नव्हती.

माझे बाबा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि लालबाग-परळच्या चाळींत दिवसाचा आवाजच बदलला. भोंगा थांबला. तरी बाबा पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे. तोंड धुवायचे, चहा घ्यायचे, शर्ट घालून दाराशी उभे राहायचे. आईने त्यांचा पितळी डबा घासून फळीवर पालथा ठेवला होता. ते त्याच्याकडे बघायचे आणि परत आत येऊन बसायचे. महिन्यामागून महिने असे गेले. पुढे त्यांना फार तहान लागू लागली, म्हणून केईएम रुग्णालयाच्या ओपीडीत रांग लावली. साखर निघाली.

संपाने मधुमेह दिला असं मी म्हणणार नाही. त्याला घराणं असतं, वय असतं, खाणं असतं, हालचाल असते, आणि अशी पुष्कळ कारणं मिळून तो येतो. पण जिवाला लागलेला घोर साखर चढती ठेवतो हेही खरं आहे. बाबांच्या अंगात रोज पहाटे पाळीला जायची तयारी होत असणार. अंग शिदोरी बांधत असणार. आणि डबा फळीवर पालथा. आता मला स्वतःला मधुमेह आहे. सकाळी बोटाला सुई टोचून पट्टीवर थेंब ठेवते, आकडा येईपर्यंतचे ते चार-पाच सेकंद असतात, तेव्हा मला तो पितळी डबा दिसतो. पूर्वी आकडा जास्त आला की मी स्वतःला बोल लावायचे. आता त्या शरीराला आधी एवढंच म्हणते: तू माझ्यासाठी काहीतरी बांधून ठेवलंस, कळलं. मग गोळी घेते. गोळी चुकवत नाही. तुम्हीही चुकवू नका.

हात अजून बरगडीखाली असेल तर असू द्या. आतल्या त्या कष्टाळू जागेला मनातल्या मनात काहीतरी बरं बोला. तुमच्या शब्दांत.

*

खेकड्याकडे अजून दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

पहिली अशी. हा निरोप फार वेळ टिकत नाही. हिरव्या खेकड्याच्या रक्तात हे संप्रेरक पाच ते दहा मिनिटांत निम्मं होतं. शिवाय साखर पुरेशी चढली की ती साखरच त्या तीस-चाळीस पेशींपर्यंत पोचते आणि त्यांना शांत करते. शिदोरी बांधून झाली, आता पुरे. गिरणीचा भोंगा मिनिटभर वाजायचा आणि थांबायचा. कामाची वेळ झाली एवढंच सांगायचं त्याचं काम. दिवसभर वाजत राहिला असता तर कामही झालं नसतं आणि झोपही. खेकड्याचा भोंगा पुन्हा पुन्हा वाजतो तो संकट तसंच उभं असेल तर, पाणी परत मिळालं नाही तर.

तुमच्या आत आत्ता कुठला भोंगा वाजतो आहे? त्याचं संकट अजून दाराशी आहे, की ते केव्हाच निघून गेलं? उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. नुसतं ऐका.

दुसरी गोष्ट. खेकडा वाढतो तेव्हा त्याला कवच टाकावं लागतं. कात टाकण्याला थोपवून धरणारं संप्रेरकही डोळ्याच्या त्याच देठात असतं, या साखरेच्या संप्रेरकाचं ते सख्खं भावंड. वेळ आली की ते बाजूला सरतं. आणि 1999 मध्ये एक नवल दिसलं. कात टाकण्याच्या घटकेला हेच साखर वाढवणारं संप्रेरक खेकड्याच्या आतड्यातल्या पेशींतूनही रक्तात लोटतं, एरवी कधी नसतं इतकं. तेव्हा त्याचं काम वेगळंच. त्याच्या जोरावर खेकडा पाणी आत घेतो आणि फुगतो. जुनं कवच मागच्या बाजूने उकलतं. तो मागे मागे सरकत बाहेर येतो, डोळे, मिशा, डेंग्यांची टोकं सगळं सोडवून घेत. नवं कवच मऊ असतं, ओल्या कागदासारखं. पाण्याने फुगलेलं अंग ते ताणून धरतं, आणि त्या मापाला ते कडक होतं. पुढे त्या मोकळ्या जागेत सावकाश मांस भरतं. मावशी अंगठ्याने दाबून पाहतात ते हेच.

संकटात शिदोरी बांधणारं आणि वाढताना जुनं कवच फोडून देणारं संप्रेरक एकच आहे. ज्याला पहिल्यांदा आपण रोगाचं नाव दिलं होतं, तेच हे. दोन श्वास या खेकड्यासोबत राहा, कवचाबाहेर नुकत्याच आलेल्या, मऊ.

*

आता हळूहळू डोळे उघडा. समोरची भिंत, खिडकी, तुमचे हात दिसू द्या. हाताची मूठ वळली असेल तर सोडा. खांदे कानांकडे चढले असतील तर उतरू द्या. ही तुमची सुतळी. एका बैठकीत सगळी सुटत नाही. एक पीळ सुटला तरी आजच्यासाठी पुष्कळ झालं.

आणि मग उठा. हे मनन बसून पुरं होत नाही. चालणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःहून ओढून घेतो, इन्सुलिन कमी पडत असलं तरी थोडीफार घेतोच. डॉक्टर जेवल्यावर चालायला सांगतात ते यासाठीच. शिदोरी वाटेवर खायची असते. वाट नसेल तर तिचं ओझं होतं. बाबांना कुणीतरी हे समजावलं होतं. शेवटची काही वर्षं ते रोज संध्याकाळी लालबागहून भायखळ्याच्या राणीच्या बागेपर्यंत जाऊन यायचे, शर्ट इस्त्रीचा, पाळीला निघाल्यासारखे.

जमेल तेव्हा ओहोटीच्या वेळी गिरगावच्या चौपाटीवर जा. गर्दी सोडून पाण्याच्या कडेने चाला, जिथे ओल्या वाळूत बारीक बारीक भोकं दिसतात. एखाद्या भोकाबाहेर नखाएवढा खेकडा वाळू निवडत असेल. तुमची सावली त्याच्यावर पडेल. त्याच्या डोळ्यांचे देठ ताठ होतील, आणि तो आत जाईल.

तिथेच उभे राहा. हलू नका. तो पळाला, त्याने आपली शिदोरी खर्च केली, आता आत अंधारात त्याचा भोंगा थांबत असेल. मिनिट जाईल, दोन जातील. लाटेचा आवाज ऐका, पायाखालची वाळू खचू द्या. मग भोकाच्या तोंडाशी आधी एक देठ दिसेल, मग दुसरा. तो इकडे बघेल, तिकडे बघेल, आणि पुन्हा वाळू निवडायला बसेल.

तो बसला की मागे वळा. सावली त्याच्यावर पडणार नाही एवढं जपून, घराकडे चालू लागा.